घरी कोणी नसताना आग लागली तर? पाळीव प्राण्यांसाठी स्मार्ट स्मोक अलार्म असा सेट करा

आपण कॉलेजला किंवा ऑफिसला जातो, तेव्हा कुत्रा किंवा मांजर घरात एकटं असतं. अशा वेळी आग लागली तर साधा स्मोक अलार्म जोरात वाजेल, पण तो ऐकून दार उघडणारं घरात कोणीच नसतं. त्यामुळे हा इशारा तुमच्या मोबाईलवर आणि तिथून घराची किल्ली असलेल्या माणसापर्यंत पोहोचायला हवा.

स्मार्ट अलार्म काय करतो?

बऱ्याच घरगुती अलार्ममध्ये एक छोटा कप्पा असतो आणि त्यात प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. वाय-फाय मॉडेल त्याच वेळी ॲपवर नोटिफिकेशन पाठवतं. झिगबी मॉडेलला मात्र वेगळा हब लागतो, घेताना हे बघून घ्या. साध्या पेट कॅमेऱ्याला धूर ओळखता येत नाही, तो अलार्मच्या जागी चालणार नाही.

कुठे लावायचा?

धूर वर जातो, म्हणून अलार्म छताला लावा. ओट्याच्या अगदी वर किंवा देवघराजवळ नको. फोडणी आणि उदबत्तीच्या धुराने तो सारखा वाजतो, आणि मग वैतागून लोक बॅटरीच काढून ठेवतात.

या सेटिंग नक्की करा

• शॉर्ट सर्किटने वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि नोटिफिकेशन येत नाही. राऊटरला मिनी यूपीएस लावा.
• ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्याला परवानगी द्या.
• घरातल्या आणखी एकाला ॲपमध्ये जोडा.
• महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा.

बाहेर पडण्यापूर्वी

गॅसचा रेग्युलेटर बंद करा, समई-निरांजन विझवा. चार्जर प्लगमधून काढा. पॉवर बँक कपाटात ठेवा, कारण कुत्र्याने चावली तर आतली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. प्राण्याला बांधून ठेवू नका. त्याला मुख्य दाराजवळच्या खोलीत ठेवा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. बंद दारामुळे धूर आणि आग पसरायला वेळ लागतो.

अलार्म आला तर

लगेच अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा. पण लक्षात ठेवा, तुम्ही पुण्यात आणि घर नाशिकला असेल, तर १०१ पुण्यातच लागेल! म्हणून आपल्या गावच्या अग्निशमन केंद्राचा एसटीडी कोडसह पूर्ण नंबर आजच सेव्ह करा.

मग किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना फोन करा. धूर दिसत असेल किंवा दार गरम लागत असेल, तर त्यांना आत जाऊ देऊ नका. प्राणी कोणत्या खोलीत आहे, घाबरला की कुठे लपतो, हे जवानांना सांगायला सांगा. मांजर बहुतेक वेळा पलंगाखाली किंवा कपाटामागे सापडते. दारावर ‘आत १ कुत्रा, २ मांजरी’ असा स्टिकर लावलात तर तुमचा फोन लागला नाही तरी त्यांना कळेल.

अलार्म यायला वेळ लागेल, पण शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायचं आणि नंबर सेव्ह करायचं काम आजच होईल.