परक्या दर्यातला वाटाड्या

वास्को द गामा थोर दर्यावर्दी खरा. पण आमच्या समुद्रात तो शिकाऊच! १४९८ च्या एप्रिलात मालिंदीला त्याने एका अनोळखी वाटाड्याचा हात धरला. पोर्तुगीज बखरकार त्याला गुजराथी म्हणतात. आम्ही मुलांना शिकवतो त्या धड्यात त्याला एक ओळही नाही. त्याच्या सल्ल्याने सुमारे २३ दिवसांत मलबार दिसला.

परततांना मात्र वारा फिरण्याची वाट न पाहता ऑक्टोबरात अंजदीवहून गलबते हाकारली. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून तीसेक खलाशी वाटेतच गेले. मालिंदीला पोचताच आजाऱ्यांसाठी संत्री मागवली; तरीही कित्येक दगावले. पुढे माणसे पुरेनात, म्हणून तिसरे गलबत जाळून टाकले.