नेता गेल्यावर

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. देशसेवेस नुसता उत्साह पुरत नाहीं, शिक्षणही लागतें, असें त्यांचें मत होतें. म्हणून नव्या सभासदास पांच वर्षांची उमेदवारी आणि स्वतःसाठीं धन न मिळविण्याची शपथ असे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले. आतां समाजाचें कसें होणार, हा प्रश्न उभा राहिला. दोन महिन्यांच्या आंतच हरिद्वारास कुंभमेळा भरला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखालीं समाजाचें मोठें स्वयंसेवक-पथक तेथें कामास लागलें. मैला मातीनें झांकण्याचें काम तेवढें मोलकऱ्यांवर सोपवावें लागे. तें गांधीजींनीं आपल्या फिनिक्सच्या मंडळीसाठीं मागून घेतलें.

गोखल्यांच्या पश्चात् गांधीजींनीं समाजाच्या सभासदत्वासाठीं अर्जही केला होता. परंतु सभासदांत मतभेद दिसतांच त्यांनीं तो आपण होऊन मागें घेतला. स्नेह मात्र टिकला.

श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें तें हें. नेत्याच्या मागून संस्था उभी राहते ती शिस्तीवर; आणि हलकें मानलेलें काम मागून घेणें व मानाची जागा सोडणें, हीं त्या शिस्तीचींच दोन अंगें होत.