बनावट काउबॉय कोणता?

टेक्सासच्या दक्षिणेला किंग्जव्हिल गावाला लागून किंग रँच आहे. पसारा सुमारे सव्वाआठ लाख एकर. तिकीट काढले की माहितगार सोबत देऊन बसमधून त्याचा एक तुकडा दाखवतात: लांब शिंगांची लाँगहॉर्न, गडद तांबड्या रंगाची सांता गर्ट्रूडिस गुरे, घोडे, जुनी घरे. अशा सहलींविषयी जाणत्या मंडळींचे मत ठरून गेलेले आहे. खरा काउबॉय १८८०च्या दशकातच संपला, असे ते म्हणतात. काटेरी तारेने मोकळी कुरणे बंद केली, रेल्वे दाराशी आली आणि १८८६-८७च्या हिवाळ्याने उत्तरेकडचे कळपच्या कळप मारले. पुढे उरला तो पोशाख. सहल म्हणजे त्या पोशाखाचे प्रदर्शन.

यातल्या घटना खऱ्या आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा. १८६७ साली कॅन्ससमधल्या ॲबिलीनला टेक्सासची गुरे पोहोचू लागली. तेव्हापासून तारा पडेपर्यंतची जेमतेम वीस वर्षे म्हणजेच काउबॉयचे सारे आयुष्य, असे इथे गृहीत धरले आहे. ही वीस वर्षे निवडली कुणी? स्वस्त कादंबऱ्यांनी आणि नंतर चित्रपटांनी. म्हणजे सिनेमाच्या नावाने नाक मुरडणारे आक्षेपक काळाची चौकट सिनेमाकडूनच उसनी घेतात.

कामाकडून मोजायला लागले की हिशेब बदलतो. घोड्यावरून कळप वळवणे, फास टाकणे, वासरांना डाग देणे हे सगळे मेक्सिकोतले स्पॅनिशभाषक बाकेरो कितीतरी आधीपासून करत होते. कॅप्टन रिचर्ड किंग हा मुळात आगबोटींवरचा माणूस. १८५३ साली त्याने इथली पहिली जमीन घेतली, पण गुरांचे काम त्याला कुठे येत होते? १८५४च्या दुष्काळात तामाउलिपासमधल्या क्रुइयास गावाकडून त्याने गुरे विकत घेतली आणि मग गावकऱ्यांनाच रँचवर येऊन राहायचे आमंत्रण दिले. माणसे बिऱ्हाडासकट आली. त्यांना ‘किनेन्योस’, म्हणजे किंगची माणसे, असे नाव पडले आणि त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच काम केले. ज्या दशकात काउबॉय संपल्याचे जाहीर होते, त्या दशकात या घरांतली माणसे सकाळी उठून घोड्याला खोगीर घालतच होती.

आता हेलिकॉप्टरने कळप हुसकतात, मग कसला काउबॉय, असेही विचारले जाते. पण हे काम एका जागी थांबले होते कधी? दक्षिण टेक्सासच्या उकाड्यात आणि गोचिडांत विलायती गुरे टिकेनात, म्हणून किंग रँचने शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन यांच्या संकरातून सांता गर्ट्रूडिस तयार केली; १९४० साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. या ब्राह्मन वंशात आपल्याकडची गीर, काँकरेज आणि ओंगोल तर आहेतच, शिवाय कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ही आहे. सांगलीकडच्या वाचकाने त्या तांबड्या गाईला दूरची सोयरीक म्हणून नमस्कार करायला हरकत नाही. १८८०च्या दशकातच परंपरा मेली असेल, तर १९४०ला मान्यता मिळालेली ही जात कुणाच्या हातची?

‘खेळ’ म्हटला की तो खोटाच, हाही असाच एक समज. १८८३ साली ओमाहा इथे बफेलो बिल कोडीने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ सुरू केला, तेव्हा टेक्सासहून कळप अजून उत्तरेला जात होते. मैदानात दोर फेकणारे कित्येकजण कालपर्यंत रँचवर राबत होते. बिल पिकेट हा टेक्सासचा कृष्णवर्णीय काउबॉय. घोड्यावरून उडी टाकून बैल लोळवण्याच्या प्रकारामुळे त्याचे नाव झाले आणि ओक्लाहोमातल्या १०१ रँचच्या खेळात तो गाजला. १९३२ साली त्याचा मृत्यू झाला तो रँचवर, घोड्याची लाथ लागून. त्याच्या आयुष्यात खेळ कुठे संपला आणि काम कुठे सुरू झाले, हे आक्षेपकांनी दाखवून द्यावे.

सहल निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणत नाही. आक्षेपक दोष भलत्या जागी शोधतात, एवढेच. त्याच १८८३ साली टेक्सासच्या उत्तर टोकाला टॅस्कोसाच्या परिसरात अनेक रँचवरच्या काउबॉयांनी संप केला. मागणी होती महिना ५० डॉलरची. संप फसला. काउबॉय म्हणजे कुणाचा मिंधा नसलेला एकांडा शिलेदार, ही प्रतिमा बंदुकीच्या चित्रांपेक्षा या पगाराच्या भांडणाने जास्त लंगडी पडते. किंगची पहिली खरेदीही बघा: सुमारे साडेपंधरा हजार एकर, ३०० डॉलरना. एकरी दोन सेंटसुद्धा नाहीत. किनेन्योसना रँचकडून घर मिळे, शिधा मिळे. मालक त्यांच्या निष्ठेची अपेक्षा ठेवी. या नात्यात आधार किती आणि बांधून ठेवणे किती, हे बसमधल्या माहितगाराला विचारण्यासारखे आहे. आक्षेपकांनी टोप्या आणि बूट खरे की खोटे हे तपासण्याऐवजी हे विचारले असते, तर त्यांच्याशी माझे भांडण नव्हते.