कॅश, दफीना आणि ठेव

संभाजीनगरात कुणापाशी ‘जिओकॅशिंग’ हा शब्द काढून पाहा. समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘रिचार्जवर कॅशबॅक मिळतो का?’’ त्याचं काही चुकत नाही. ‘जिओ’ म्हटलं की आपल्याला मोबाईलचं सिम आठवतं आणि ‘कॅश’ म्हटलं की गल्ला. प्रत्यक्षात यातलं ‘जिओ’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ पृथ्वी. ‘कॅश’ फ्रेंच क्रियापदावरून आलं, त्याचा अर्थ लपवणं. कुणीतरी एक डबी लपवायची, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथे परत ठेवायची, असा हा खेळ.

पैशाची कॅश आणि लपवण्याची कॅश इंग्रजीत उच्चाराने एकच, पण घराणी वेगळी. पैशाची कॅश लॅटिन ‘काप्सा’वरून, म्हणजे पेटीवरून आली. आधी पेटीला कॅश म्हणत, मग पेटीतल्या पैशाला म्हणू लागले. औषधाची कॅप्सूल याच पेटीची नात, ‘इवलीशी पेटी’. लपवण्याची कॅश उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच भाषिक शिकाऱ्यांची. कातडी आणि शिधा वाटेत दडवून ठेवायची त्यांची जागा म्हणजे कॅश. मोबाईलवाला ‘कॅशे क्लिअर करा’ म्हणतो, तोही हाच शब्द: पटकन हाताशी यावं म्हणून बाजूला ठेवलेला साठा. थोडक्यात, एका कॅशमध्ये पेटी आहे आणि दुसरीत दडवणं. खेळाला दोन्ही लागतात, म्हणून आपल्याकडचा गैरसमज निम्मा तरी बरोबर आहे.

खेळाचा जन्म अगदी अलीकडचा. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकन सरकार मुद्दाम घालत असलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली आणि जिथे शंभरेक मीटरचा घोळ व्हायचा तिथे दहाएक मीटरपर्यंत नेम लागू लागला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर जाहीर केला. (बादली हा आपला शब्दही पाहुणाच, पोर्तुगीज ‘बाल्दे’वरून आलेला.) सुरुवातीला खेळाच्या नावात ‘स्टॅश’ होतं. त्या शब्दाला चोरट्या मालाचा, अमली पदार्थांचा वास येतो, म्हणून महिना संपण्याआधीच मॅट स्टम यांनी ‘जिओकॅश’ सुचवलं. शब्द बदलला आणि खेळ घरातल्या पोराबाळांसकट खेळण्याजोगा झाला. नवख्याने यातून पहिला धडा घ्यावा तो हाच. काय करतोय हे सांगायला शब्द कुठला वापरता, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे तर फारच. समजा, तुम्ही दौलताबादच्या अलीकडे एखाद्या माळावर दगड उलटेपालटे करताय आणि शेतातून हाक आली, ‘‘काय हुडकायलात?’’ उत्तरादाखल ‘खजिना’ म्हणालात की खेळ आटोपलाच. पाव तासात अर्धं गाव तिथे हजर. मराठवाड्यात पुरलेल्या धनाच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात: मोहरांचा हंडा, त्यावर बसलेला नाग, डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचं दिसणारा पायाळू माणूस. या धनाचा जुना शब्द ‘दफीना’. दफन आणि दफीना हे एकाच अरबी धातूचे, पुरण्याचे. या शब्दाला मातीचा वास आहे, तसा रक्ताचाही. गुप्तधनापायी झालेल्या अघोरी प्रकारांमुळेच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधाचा वेगळा उल्लेख करावा लागला. म्हणून गावात विचारणा झाली तर सरळ सांगा, ‘‘मोबाईलचा खेळ आहे, डबी शोधतोय,’’ आणि स्क्रीन दाखवा. डबीत काय आहे असं विचारलं तर, ‘‘एक वही आणि दोन गोट्या.’’ दोन्ही उत्तरं खरी असतात आणि गर्दी पांगते.

कायद्याच्या भाषेत दफीन्याला ‘निखात निधी’ म्हणतात. निखात म्हणजे खणून पुरलेला. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं तो सांगतो. कायदा झाला तेव्हा हे शहर निजामाच्या राज्यात होतं, आता अर्थातच इथेही तोच चालतो. आपल्या डब्यांना त्याची धास्ती नाही, कारण खेळाचा नियमच आहे की डबी पुरायची नाही. उल्मर यांच्या बादलीनंतर हे शहाणपण लवकरच आलं. नवख्याला याचा सोपा अर्थ असा: कुदळ, खुरपं घरी ठेवा. माती उकरायची वेळ आली असेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

मग मराठीत याला म्हणावं काय? ‘खजिना’ हा साठवण्याच्या अरबी धातूवरून आला. त्याच धातूचा ‘मखझन’ म्हणजे कोठार. ते इटालियन, फ्रेंच करत इंग्रजीत ‘मॅगझीन’ झालं: आधी दारूगोळ्याचं कोठार, आणि लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’पासून, म्हणजे १७३१ पासून, लेखांचं. शब्द देखणा आहे, पण त्याला कुलूप लागतं. ‘पेव’ म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. आता तो फक्त ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारात उरलाय. ‘चोर’ लावून केलेले शब्द आपल्याकडे भरपूर आहेत: चोरकप्पा, चोरखिसा, चोरवाट, चोरदरवाजा. या शब्दांत दडवण्याची हुशारी आहे, पण सापडू नये अशी इच्छाही आहे. जिओकॅशिंगमध्ये डबी सापडावी म्हणूनच लपवलेली असते. मला विचाराल तर इथे ‘ठेव’ हा शब्द चपखल बसतो. ठेवणे हे संस्कृत ‘स्थापयति’वरून आलं. ठाणे, ठाव ही त्याची भावंडं. ठेव कुणाच्या तरी भरवशावर ठेवलेली असते आणि तिच्यात परत मिळण्याची बोली असते. दफीन्याला वारस लागतो, तसं ठेवीचं नाही. तिला विश्वासू माणूस पुरतो.

ठेवीचा पत्ता मात्र कलांमध्ये लिहिलेला असतो. पंचांग पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही: एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. कला म्हणजे मुळात लहानसा भाग. चंद्राच्या सोळा कलांमधली कला तीच. खेळात पत्ता साधारण असा दिसतो: उ. १९° ५४.०९०′, पू. ७५° १९.२१०′. हा बीबी का मकबऱ्याचा. दशांशचिन्ह कलेच्या पुढे आहे, अंशाच्या नाही, हे पाहून ठेवा. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा तिचा हजारावा भाग म्हणजे दोन पावलं. इतकी बारीक मोजणी हाताशी असूनही नवखा कसा फसतो, तर १९° ५४′ हे नकाशात १९.५४ असं टाकतो. खरा आकडा येतो १९.९०. हा फरक चाळीसेक किलोमीटरचा आहे. मकबरा बघायला निघालेला माणूस पैठणच्या दिशेला जाऊन पोचतो. म्हणून पत्ता हाताने टाकण्यापेक्षा अॅपमधूनच उघडावा आणि घरून निघण्याआधी उतरवून घ्यावा, कारण डोंगराआड रेंज मिळेलच असं नाही.

रेखांशाबद्दल एक गंमत. ते ग्रीनिचपासून मोजायची पद्धत नवी आहे. आपले जुने ज्योतिषी मध्यरेषा उज्जयिनीवरून धरत. ती परंपरा चालू राहिली असती तर हे शहर शून्य रेषेच्या पश्चिमेला जेमतेम अर्ध्या अंशावर आलं असतं आणि इथल्या डब्यांचे पत्ते बरेच आटोपशीर झाले असते.

आता प्रत्यक्ष शोधाकडे. ‘मार्ग’ या शब्दाचा एक जुना अर्थ रानातल्या जनावराची वाट, त्याच्या पावलांचा पट्टा. त्याचा आपण ‘माग’ केला. ‘मागणे’ही त्याच कुळातलं, मुळात शोध घेणं. ‘शोध’ आला तो ‘शुध्’ धातूवरून, म्हणजे साफ करणं. नको ते काढून टाकलं की हवं ते उरतं. जिओकॅशिंगमध्ये दोन्ही पायऱ्या असतात. दहा मीटरपर्यंत माग: मोबाईल दाखवील तसं जायचं. त्यापुढे शोध: मोबाईल खिशात घालायचा, कारण इमारतींच्या मधे आणि दाट झाडाखाली बाण भिरभिरतो आणि माणूस त्याच्यामागे गोल फिरत बसतो. उभं राहून विचारायचं, ‘मी असतो तर कुठे ठेवली असती?’ काळ्या दगडांच्या रचलेल्या बांधात एखाद्या दगडाची शेवाळलेली बाजू खाली गेलेली आणि कोरडी बाजू वर आलेली दिसते. झाडाच्या ढोलीत पानं पडलेली नसतात, कोंबलेली असतात. नळीचं एक बूच बाकीच्यांपेक्षा नवं असतं. जे जागच्या जागी नाही, तिथे बघायचं. पण हात आधी घालायचा नाही, काठी आधी. दगडांच्या ढिगात विंचू आणि फुरसं, टणटणीच्या जाळीत आणखी कोण, हे कुठलंही अॅप सांगत नाही.

पहिल्या दिवशी कोणती डबी निवडावी, याचाही आडाखा आहे. प्रत्येकीला एक ते पाचपर्यंत दोन आकडे दिलेले असतात, एक शोधाच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेचा. दोन्ही दोनच्या आत असतील ती घ्या. आकार पाहा: कॅमेऱ्याच्या रोळाएवढी डबी नवख्याला रडवते, जेवणाच्या डब्याएवढी लवकर दिसते. शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. वर्षानुवर्षं कुणाला सापडली नसेल तर ती बहुधा उरलीच नाही. भारतात हा खेळ अजून तुरळक आहे, त्यामुळे ही तपासणी इथे जास्तच गरजेची. पेन घ्या, डबीत नसतं. पाणी घ्या. आणि एप्रिल-मेच्या दुपारी गोगाबाबा टेकडीवर सोडाच, गच्चीवरही जाऊ नका. इथला हंगाम दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा.

खेळ न खेळणाऱ्यांना जगभरचे खेळाडू ‘मगल’ म्हणतात, हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतून उचललेला शब्द. आपल्याकडे तो उसना घ्यायची गरज नाही. आपल्याकडे ‘बघे’ आहेत. रस्त्यावर जेसीबी उभा राहिला तरी जमतात ते. बघ्यांसमोर डबी काढायची नाही, नाहीतर उद्या ती तिथे नसते. जवळच्या टपरीवर चहा घ्यावा, गर्दी ओसरू द्यावी.

डबी सापडली की वहीत तारीख आणि नाव लिहायचं. कागद ओला असेल तर आधी पुसायचा, मग घट्ट गुंडाळायचा, नाहीतर झाकण लागत नाही. नाव मागे ठेवून जायची हौस माणसाला जुनीच आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोचलेल्या जॉन स्मिथने आपलं नाव आणि तारीख चित्रावरच कोरली. त्याच्या मागून आलेल्यांनीही किल्ल्यांच्या भिंती सोडल्या नाहीत. ही हौस वहीत भागली तर दगड वाचतात.

वस्तूंच्या अदलाबदलीसाठी मात्र आपल्या जिल्ह्यातच एक शब्द तयार आहे. देवगिरीचं नाव बदलून झालं दौलताबाद. ‘दौलत’ ज्या अरबी धातूवरून आली त्याचा अर्थ फिरणं, पाळी बदलणं. आज तुझी पाळी, उद्या माझी. त्यावरून राज्य आणि मग संपत्ती. पेशवाईच्या पत्रांतही दौलत म्हणजे राज्य. खेळाचा नियम याच चालीचा: डबीतून काही घेतलंत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेवा. गोट्या, बिल्ला, किल्लीची साखळी चालेल. लाडू-चिवडा मुळीच नाही, मुंग्या आणि माकडं नोंद न करता घेऊन जातात.

स्वतःची ठेव ठेवायची घाई करू नका. आधी दहा-वीस दुसऱ्यांच्या शोधा म्हणजे कुठल्या टिकतात ते कळेल. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत, म्हणजे मकबरा, देवगिरी, वेरूळ, अजिंठा इथे ठेवायची नाही. देवळा-दर्ग्यापाशी, रेल्वे स्टेशनजवळ, चिकलठाणा विमानतळाच्या आसपास नाही. तिथे बेवारस डबा दिसला तर पोलीस येतात आणि यायलाच हवेत. डबी पारदर्शक असावी, वर ‘हा खेळ आहे’ असं मराठीत लिहिलेलं असावं आणि जागेच्या मालकाला विचारलेलं असावं. दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर अंतर लागतं. डबीच ठेवता येत नाही अशा जागांसाठी ‘अर्थकॅश’ आहे: वस्तू नाही, जागेचं भूशास्त्र वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची. लोणारच्या उल्काविवरासारखी जागा त्यासाठीच जन्माला आलीय.

आणि जिथे वरचेवर जाणं होतं तिथेच ठेवा. पावसाळा संपला की जाऊन झाकण, कागद बघावा लागतो. शोधणारे येतील आणि नावं लिहितील. वही भिजलेली निघाली, तर नावं ठेवतील.