प्रतिष्ठेचे कुंपण : स्वीडनमधील एक प्रकरण

दि. २० नोव्हेंबर २००१ रोजी स्वीडनच्या संसदभवनात फादिमे शाहिन्दाल या कुर्द तरुणीने आपली कैफियत मांडली. बालपणी तुर्कस्तानातून तेथे आलेल्या फादिमेने आपला जोडीदार स्वतः निवडला होता. पिता व भाऊ यांनी धमक्या दिल्या, तेव्हा तिने न्यायालयात दाद मागितली. १९९८ साली दोघेही दोषी ठरले. तरीही भाषणात तिने सारा दोष कुटुंबाच्या माथी मारला नाही. आपल्या आईवडिलांना सामावून घेण्याची जबाबदारी तेथील समाजाने पाळली असती, तर हे कदाचित टळले असते, असे तिचे म्हणणे होते. दि. २१ जानेवारी २००२ रोजी उप्साला येथे ती आई व बहिणींना गुप्तपणे भेटण्यास आली असता पित्याने तिला गोळी घालून ठार केले.

या हत्येनंतर तेथे मोठा वाद माजला. काहींनी कुर्द संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तर स्त्रीवरील अत्याचार सर्वत्र सारखाच, त्यास निराळे नाव कशाला, असे इतरांनी म्हटले. आमच्या मते दोन्ही पक्ष अपुरे आहेत. पहिला पक्ष फादिमेलाही तिच्या समाजासह गुन्हेगार ठरवितो. दुसरा हे विसरतो की, येथे शस्त्र एकाच्या हाती असले तरी दडपण साऱ्या आप्तगोताचे असते. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा जातीअंतर्गत विवाहाचे बंधन टिकविण्यासाठीच निर्माण झाल्या, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवून दिले होते. कुर्दांचा प्रश्न जातीचा नव्हे, हे उघड आहे. परंतु समूहाचे कुंपण स्त्रीच्या देहावरून घालण्याची रीत आम्हांस अपरिचित नाही. परक्या मुलुखात तर ते कुंपण अधिकच उंच होते, कारण गावातील मानमरातब मागे राहिलेल्या पित्याजवळ मुलीचे वर्तन हीच काय ती प्रतिष्ठा उरते.

आणि शासन? स्वीडिश मुलीस विवाहासाठी १८ वर्षांची अट होती. परकीय नागरिकत्व असलेल्या मुलीचा विवाह मात्र १५ व्या वर्षीही त्याच देशात होऊ शकत असे. संस्कृतीच्या आदराचे हे विचित्र रूप २००४ साली रद्द झाले. सक्तीचा विवाह २०१४ साली स्वतंत्र गुन्हा ठरला. प्रतिष्ठेच्या नावाने होणारा छळ १ जून २०२२ पासून. फादिमेच्या भाषणास तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती.