तळटीप १७ : अ‍ॅक्टा-२
१७. अ‍ॅक्टा-२ : दहाव्या गुणसूत्रावरील जनुक. रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय यांच्या भिंतींतील अरेखित, म्हणजे आपल्या इच्छेने न हलणाऱ्या, स्नायूंमधले अ‍ॅक्टिन हे प्रथिन त्याच्यावरून घडते. त्या प्रथिनात १७९व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आले, की हे स्नायू नीट आकसत नाहीत. ह्यूस्टनच्या डायना मिलेविच व सहकाऱ्यांनी २०१० साली हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला. बाहुली आवळणारा स्नायूही याच जातीचा. म्हणून टॉर्च मारूनही मूळ मजकुरातल्या बाळाच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या. लेखक या विकाराला ‘डोळ्यांचे दुखणे’ म्हणतात खरे, पण जिवाला धोका असतो तो फुगत जाणाऱ्या महाधमनीचा आणि अरुंद झालेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा. जनुकातला हा बदल बहुधा बाळातच नव्याने घडतो. आईवडिलांत तो नसतो. —संपा.