सूचीत न मावलेले यंत्र : टिफ्रॅकचा तपशील-तक्ता कसा वाचावा?

#थ्रेड

१/
विरारहून अर्नाळ्याकडे जाताना नंदाखाल लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे हे जन्मगाव. या गावातल्या एखाद्या विद्यार्थ्याला आज जुना लॅपटॉप घ्यायचा असेल, तर तो प्रथम मोबाइलवर संगणक-सामग्रीची सूची देणारे एखादे विनामूल्य अ‍ॅप उघडतो. कंपनी, मॉडेल, प्रोसेसर, मेमरी, बाजारात आल्याचे वर्ष : सारे क्षणात समोर येते. पैसे द्यायचे की नाही, हे त्या तक्त्यावरून ठरते.

२/
विरारपासून चर्चगेट रेल्वेने ६० किलोमीटर. तेथून पुढे कुलाब्याच्या टोकाला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजेच टीआयएफआर ही संस्था आहे. भारतात घडवलेला पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक या संस्थेचा. परंतु कंपनी आणि मॉडेल यांवर उभ्या असलेल्या सूचीत तो शोधायचा कोणत्या नावाने? त्याला कंपनी नव्हती आणि मॉडेल क्रमांकही नव्हता.

३/
या यंत्राकडे वळण्यापूर्वी सूचींचा इतिहास पाहू. संगणकांची पद्धतशीर यादी करण्याचा आरंभीचा मोठा प्रयत्न अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये झाला. एनियाक हा प्रसिद्ध संगणक याच प्रयोगशाळेसाठी बांधला गेला होता. तेथील मार्टिन वाइक यांनी १९५५ साली पहिला सर्वेक्षण-अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ८४ संगणक-प्रणालींची नोंद होती. १९५७ च्या आवृत्तीत ही संख्या १०३ झाली आणि १९६१ च्या आवृत्तीत २२२.

४/
वाइक यांची सूची आजच्या अ‍ॅपपेक्षा एका बाबतीत उदार होती. विकाऊ यंत्रांबरोबरच विद्यापीठांनी स्वतःसाठी एकेकच बांधलेली यंत्रेही तिच्यात होती. इलिनॉय विद्यापीठाचा ‘इलियाक’ हे त्याचे ठळक उदाहरण. शिवाय यंत्र चालवायला किती माणसे लागतात, जागा आणि वीज किती लागते, यंत्र कितपत भरवशाचे आहे, यांचेही रकाने होते. यंत्र माणसांच्या आधारानेच चालते, हे त्या काळच्या सूचीकारांना सांगावे लागत नसे.

५/
मात्र अहवालाच्या शीर्षकातच एक मर्यादा होती : ‘देशांतर्गत’. सर्वेक्षण केवळ अमेरिकेतील यंत्रांचे होते. यात कोणताही कट नव्हता. आपल्या देशातील वापरकर्त्यांची सोय पाहणे हाच त्या अहवालाचा हेतू होता. परंतु पुढे अशाच याद्या इतिहासाची साधने होतात आणि यादीची वेस तीच इतिहासाची वेस ठरू लागते. मुंबईतले यंत्र त्या वेशीबाहेर होते.

६/
त्या यंत्राची कथा थोडक्यात अशी. अमेरिकेत शिकलेले रंगस्वामी नरसिंहन १९५४ साली टीआयएफआरमध्ये दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्याच सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एचईसी-टूएम हा संगणक आला होता. पण तो ब्रिटनहून विकत आणलेला होता. पूर्ण आकाराचे मुंबईचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले.

७/
जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या कुलाब्यातील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी यंत्राला नाव मिळाले : टिफ्रॅक, म्हणजे ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’. पहिली दोन वर्षे हे यंत्र नावाविनाच राबत होते.

८/
आता त्याचा तक्ता ओळीओळीने वाचू.
निर्वात नलिका (जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह) : २,७००.
जर्मेनियम डायोड : १,७००.
रोधक : १२,५००.
प्रत्येक रोधकाला दोन टोके असतात. म्हणजे नुसत्या रोधकांचेच २५,००० सांधे झाले. त्यांतला एक जरी कच्चा राहिला, तरी उत्तर चुकणार आणि दोष कोठे आहे हे शोधत बसावे लागणार. ही ओळ सामग्रीची आहे, तशीच ती श्रमाचीही नोंद आहे.

९/
आकार : १८ फूट लांब, अडीच फूट रुंद, ८ फूट उंच पोलादी सांगाडा. आतल्या मंडलांपर्यंत हात पोहोचावा म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी दारे. नलिका तापतात आणि जळतात; त्यामुळे दुरुस्ती हा या यंत्राच्या दिनक्रमाचाच भाग होता. आज लॅपटॉपची मेमरी मदरबोर्डवर पक्की जोडलेली आहे की बदलता येते, हे आपण तक्त्यात शोधतो. टिफ्रॅकच्या दारांमागे प्रश्न तोच होता : बिघडले तर उघडता येईल का?

१०/
मेमरी : ४० बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे बरोबर १० किलोबाइट. ८ जीबी मेमरीचा साधा मोबाइलही याच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट. देवनागरी अक्षरचिन्हाला आजच्या युनिकोड मजकुरात सहसा तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने हा थ्रेडदेखील टिफ्रॅकच्या मेमरीत निम्म्याच्या आसपासच मावला असता.

११/
परंतु या १० किलोबाइटांचे मोल आजच्या मोबाइलशी तुलना करून कळत नाही. १९५२ साली सुरू झालेल्या इलियाकशी तुलना करावी. इलियाकमध्ये २,८०० नलिका होत्या, टिफ्रॅकमध्ये २,७००. शब्दाची लांबी दोहोंत ४० बिट. पण इलियाकच्या मुख्य मेमरीत १,०२४ शब्द आणि तेही चित्रनलिकेच्या पडद्यावर विद्युतभाराच्या ठिपक्यांनी साठवलेले. टिफ्रॅकमध्ये त्याच्या दुप्पट शब्द आणि मेमरी फेराइट कड्यांची.

१२/
फेराइटची कडी म्हणजे तारांत ओवलेला बारीक चुंबकीय मणी. चुंबकत्व एका दिशेने असेल तर १, उलट दिशेने असेल तर ०. ही पद्धत अमेरिकेतील एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ साली प्रथम वापरात आली. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत मुंबईच्या गटाने आपल्या यंत्रासाठी तीच निवडली. आलेख आणि अक्षरे दाखवणारा चित्रनलिकेचा पडदाही त्यांनी जोडला. संगणक बांधण्याचा पूर्वानुभव नसलेल्या गटाची ही निवड होती.

१३/
तरीही दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९५९ च्या अखेरीस आयबीएमचा ७०९० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक ग्राहकांकडे जाऊ लागला होता. म्हणजे टिफ्रॅक सुरू झाला तेव्हा नलिकांचे युग सरत आले होते. १९६४ साली टीआयएफआरमध्येच अमेरिकी सीडीसी ३६०० आला : ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द, म्हणजे १९२ किलोबाइट, टिफ्रॅकच्या १९ पटींहून अधिक. शिवाय त्यावर फोर्ट्रान भाषा चालत असे. काही काळातच टिफ्रॅकचे काम थांबले.

१४/
मग ही सारी खटपट व्यर्थ गेली का? केवळ आकड्यांचा तक्ता पाहणारा ‘हो’ म्हणेल. पण बांधता बांधता तयार झालेली माणसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. नरसिंहन १९६५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. परदेशी यंत्र घ्यायचे, तरी कोणते आणि कशासाठी, हे ठरवू शकणारी पिढी देशात होती. विकतच्या यंत्राचा तक्ता नीट वाचता येण्यासाठीही कोणीतरी आधी एखादे यंत्र स्वतः बांधलेले असावे लागते.

१५/
पुढे पुण्यात याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. तक्त्यात ‘प्रोसेसर’ समोर लिहिलेले दिसेल : ब्रिटिश इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. एवढेच वाचणारा म्हणेल, हे तर परदेशी. परंतु असे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच काम करून घेणे, हीच खरी कसोटी होती.

१६/
महासंगणकांची ‘टॉप५००’ ही सर्वांना खुली यादी १९९३ साली सुरू झाली. वर्षातून दोनदा निघणाऱ्या या यादीत नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचा ‘एका’ जगात चौथा आला, वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. तो उभारला टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने, पण निर्मात्याच्या रकान्यात नाव होते ह्युलेट-पॅकार्ड. नोंद अचूकच होती. मात्र पुण्यातील अभियंत्यांच्या मांडणीला तिच्यात वेगळा रकाना नव्हता.

१७/
सूची खोटे बोलत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे ती देते. म्हणून जुनी सूची हाती आली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी रकान्यांची शीर्षके वाचावीत आणि मग आकडे. वाइक यांनी माणसांचा रकाना ठेवला, पण देशाची वेस घातली. आजच्या अ‍ॅपने देशाची वेस पुसली. माणसांचा रकानाही त्याबरोबर गेला.

१८/
नंदाखालच्या त्या विद्यार्थ्याच्या अ‍ॅपमध्ये टिफ्रॅकची ओळ भरायचीच झाली, तर ती साधारण अशी होईल.
कंपनी : नाही.
मॉडेल : नाही.
किंमत : विक्रीसाठी नव्हते.
मेमरी : १० किलोबाइट.
वर्ष : १९६०.
ठिकाण : मुंबई.
निर्मितीसंख्या : १.